बगळ्यास पत्र

पुणे, २ सप्टेंबर

प्रिय बगळ्या,

फोनवर तू दोनच प्रश्न विचारलेस. मासा लागला का, आणि माझं गळाचं रीळ शाबूत आहे ना. दोन्हींची उत्तरं फोनवर देण्यासारखी नव्हती, म्हणून हे पत्र. चहा घेऊन बस. गुडघा उशीवर ठेव, डॉक्टरांनी सांगितलंय तसा.

काश्मीरात सोनमर्गहून चढायला लागलो तेव्हा जुलै संपत आला होता. आधी पाइन, मेपल, आणि वर गेल्यावर भूर्ज. भूर्जपत्र म्हणजे जुन्या पोथ्यांमधली गोष्ट असंच आपण धरून चाललेलो. इथे ती झाडं कागदासारखी साल सोलत वाटेवर उभी होती आणि घोडेवाल्यांना त्यांचं काडीचं अप्रूप नव्हतं. भूर्ज संपले तशी झाडंच संपली. पुढे नुसतं गवत, फुलं, दगड आणि पाणी. निचनाई खिंड साधारण ४,१०० मीटर. आपली कळसूबाई १,६४६. म्हणजे अडीच कळसूबाया एकीवर एक, आणि वाटेत ना शिड्या, ना लिंबू सरबत. खिंडीत माझं डोकं असं ठणकलं की दिसेल त्या दगडावर बसत सुटलो. भरपूर पाणी पिऊन, खिंड उतरून झोपलो तेव्हा कुठे सकाळी माणसात आलो.

आणि सकाळी समोर विशनसर तळं. रंगाचं वर्णन करत नाही, फोटो पाठवलेत. फोटोत न आलेली गोष्ट सांगतो. काठावर पालथा पडून पाहिलं तर तळाचे गोटे मोजता येत होते, आणि त्या गोट्यांवरून सावल्या सरकत होत्या. मासा दिसतच नव्हता, त्याची सावली तेवढी दिसायची. तू असतास तर जेवायलाही उठला नसतास.

हे सगळे ट्राउट. आणि गंमत म्हणजे ते तिथले नव्हेतच! गोऱ्या साहेबांच्या हौसेपायी त्यांची अंडी विलायतेहून बोटीनं आणली. १८९९ सालची पहिली खेप वाटेतच मेली, १९०० सालची जगली. श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणारा मिचेल नावाचा साहेब त्यामागे होता. पुढे श्रीनगरजवळच्या हारवनला अंडी उबवायची सोय झाली आणि तिथून हा मासा खोऱ्याखोऱ्यांत सोडला गेला. आज तो इतका तिथला झालाय की लोक त्याला काश्मीरचाच मासा म्हणून खाऊ घालतात. त्याला पाणी थंडगार आणि वाहतं लागतं, ऊन तापलं की तो गुदमरतो. त्यामुळे प्रवरेत सोडून बघू हा तुझा बेत आत्ताच रद्द कर. आपल्या मळ्या-मरळांना सुखानं राहू दे.

परवाना श्रीनगरातच काढून घेतला होता. गळाला गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही. पीस आणि धागा गुंडाळून केलेली खोटी माशी. ती पाण्यावर अशी टेकवायची की माशाला ती खरीच उतरली असं वाटावं. मी टेकवायचो तेव्हा नारळ पडल्यासारखा आवाज यायचा. सोबतचा गुज्जर पोरगा पहिल्या दिवशी तोंड फिरवून हसला, दुसऱ्या दिवशी तोंडावरच हसला. मग त्यानंच शिकवलं. मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, तू त्याच्या मागून ये. ओढा जिथे तळ्यात उतरतो तिथे थांब, खाणं वाहून तिथेच येतं. आणि सावली पाण्यावर पडू देऊ नकोस. हे शेवटचं ऐकलं आणि पाठ आपोआप आखडली. लहानपणी याच चुकीसाठी तू किती धपाटे घातलेस, आठवतंय?

वरच्या किशनसर तळ्याचं पाणी विशनसरमध्ये उतरतं आणि तिथून किशनगंगा निघते. ती गुरेझवरून नियंत्रणरेषेपलीकडे जाते, तिकडे तिचं नाव नीलम, आणि मुझफ्फराबादला झेलमला मिळते. वाटेच्या शेवटी गंगाबल तळं, त्याचं पाणी शेजारच्या नुंदकोल तळ्यामधून वांगतच्या नाल्यानं सिंध नदीत (आपली भूगोलातली सिंधू नव्हे, ही वेगळी) आणि शादीपूरला तेही झेलममध्येच. म्हणजे आठवडाभर चालून आम्ही झेलमच्या दोन लेकींची माहेरं पाहिली. एक आईला घराजवळच भेटते, दुसरी सरहद्द ओलांडून. वाटेत दोनदा लष्कराच्या चौकीवर ओळखपत्र दाखवताना हे नेमकं डोक्यात यायचं.

गडसरला मात्र मी गळ टाकला नाही. काश्मिरीत गाड म्हणजे मासा, सर म्हणजे तळं, नावातच मासे. पण त्या पोरानं सांगितलं की या तळ्यात काहीतरी राहतं, काठाला मुक्काम करत नाहीत. मी हसलो. मग पाण्यावर तरंगणारे बर्फाचे तुकडे पाहिले, वरून काळा कडा पाहिला, आणि निमूट रॉड गुंडाळला. पुढे एका बकरवालाच्या, म्हणजे शेळ्यामेंढ्या घेऊन फिरणाऱ्या धनगराच्या, ढोकात मिठाचा चहा आणि मक्याची रोटी मिळाली. ढोक म्हणजे दगडमातीचं ठेंगणं घर. तो चहा पहिल्या घोटाला चुकलेल्या कढीसारखा लागतो, तिसऱ्याला बरा, आणि थंडीत पाचव्याला मागून घ्यावासा वाटतो. चिडचीड झाली ती मुक्कामांच्या जागी. नूडल्सची वेष्टनं दगडाखाली दडवून ठेवतात, जणू दगडाला भूक लागते!

आता तुझे दोन प्रश्न.

नुंदकोल, शेवटून दुसरा दिवस, समोर हरमुख पर्वत. ओढ्याच्या तोंडाशी माशी अलगद टेकली, आयुष्यात पहिल्यांदा. आणि खेच बसली. वीतभराचा असेल. पिवळसर अंग, तांबडे ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं. काठापर्यंत आणला, हात पुढे केला.

घरी सगळ्यांना सांगितलंय की मी तो परत सोडला. बायकोला कौतुक, पोरगी तर शाळेत सांगून आली. तुला खरं सांगतो, मी सोडला नाही, तो सुटला. घाईत मी वाकलो, माझी सावली नेमकी त्याच्यावर पडली, त्यानं एक हिसडा दिला, मी धडपडलो आणि तुझं रीळ खडकावर आपटलं. मूठ तुटलीय. बाकी फिरतं.

रविवारी घेऊन येतो, दुरुस्तीचे पैसे माझे. पोरगी सोबत असेल, तेव्हा तिच्यासमोर माशाचा विषय काढलास तर जपून.

तुझा,
खेकडा