दाताच्या खुर्चीत बसवण्याआधी भीतीचे विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२० मार्चला जागतिक मौखिक आरोग्य दिन झाला. त्या आठवड्यात वाचनालयात बसून मी हाताला लागतील तेवढी वर्तमानपत्रे वाचली. दिवसातून दोनदा दात घासा, गुटखा सोडा, सहा महिन्यांनी तपासून घ्या, असे सगळे छापून आले होते आणि ते बरोबरच आहे. पण दातांच्या दवाखान्याच्या पायरीवरून परत फिरणाऱ्या माणसाविषयी मला कुठे एक ओळ दिसली नाही. मी त्यातला आहे, म्हणून हे पत्र लिहितो आहे. थोडे लांबेल, पण शक्य तर कापू नका.

गोव्याच्या कदंब परिवहन महामंडळात मी २९ वर्षे बस ड्रायव्हर होतो. त्यातली अकरा वर्षे पणजी–बेळगाव गाडीवर काढली. जुलैत चोर्ल्याच्या घाटात धुके उतरले की पुढच्या गाडीचा लाल दिवासुद्धा दिसत नाही. अशा रात्री चाळीस-पन्नास माणसे पाठीमागे घेऊन मी गाडी सुखरूप खाली आणली आहे. पण दातांच्या दवाखान्यात बाकावर बसलो की तळहात ओले होतात, आतून मशीनचा आवाज आला की छाती धडधडते, आणि पाय आपोआप दाराकडे वळतात. तीनदा मी असा उठून आलो. तिन्ही वेळा घरी सांगितले की डॉक्टर नव्हते.

याचे मूळ मला ठाऊक आहे. मी नऊ वर्षांचा असताना खालची दाढ किडून गाल सुजला होता. बाजाराच्या दिवशी दात काढणारा एक जण गावात यायचा. वडिलांनी मला त्याच्याकडे नेले. सुई दिली, पण सुन्न काही झाले नाही. मी ओरडतो आहे म्हणून दोघांनी खांदे धरले, एकाने कपाळ दाबले, आणि दाढ तशीच काढली. तिथे लवंगेच्या तेलाचा वास होता. आजही तो वास नाकात गेला की माझ्या मानेचे स्नायू ताठ होतात. वडिलांचा यात काही दोष नाही, त्या काळी दुसरा मार्गच त्यांच्यापाशी नव्हता.

पुढे वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी म्हापशाला बोडगेश्वराच्या जत्रेत खाजे खाताना उजवीकडची दाढ तडकली. त्या वेळी मी हिंमत करून एका दवाखान्यात गेलो आणि "मला भीती वाटते" असे पहिल्यांदा तोंडाने बोललो. डॉक्टर म्हणाले, "एवढी मोठी बस चालवता आणि सुईला घाबरता?" ते हसले, मदतनीस मुलगीही हसली. त्यांच्या मनात वाईट काही नसेल. पण मी चप्पल घातली आणि बाहेर पडलो, तो पुढची चार वर्षे कुठल्याही दवाखान्यात गेलो नाही.

त्या चार वर्षांत मी डाव्या बाजूने जेवलो. ठणका लागला की फार्मसीतून दुखण्याची गोळी घ्यायची, कधी दिवसातून तीन-तीन. मला बीपी आहे. या गोळ्या अशा सतत खाल्ल्या तर बीपी चढतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो, हे मला फार उशिरा कळले. मित्र म्हणायचे, फेणीचा घोट दाढेवर धर. एक जण तर म्हणाला, दोन ग्लास मारून जा, दाढ कधी निघाली ते कळणारसुद्धा नाही. सध्या हुर्राकाचे, म्हणजे काजूच्या ताज्या दारूचे, दिवस आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितो: दारू पिऊन दात काढायला जाऊ नका, आणि डॉक्टरांनी भीतीसाठी गोळी दिली असेल तर दारूला त्या दिवशी हातसुद्धा लावू नका. दोन्ही मिळून श्वास मंदावतो.

चौथ्या वर्षी जबडा सुजला. तोंड एक बोटभरही उघडेना, थुंकी गिळता येईना. मुलाने रात्रीच इस्पितळात नेले. सलाइनमधून औषधे दिली, चीर देऊन पू काढला, तीन दिवस ठेवून घेतले. तिथल्या डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितले की खालच्या दाढेचा पू जिभेखालून गळ्याकडे उतरला तर श्वासाची वाट बंद होते, माणूस दगावू शकतो. मुलगा त्या रात्री बाहेरच्या बाकावर रडला, असे सुनेने मला नंतर सांगितले. मी भीत होतो ती सुईला, आणि चार वर्षे जिवाशी खेळत होतो.

इस्पितळातून सोडताना दाढ काढून घ्यायला सांगितले. या खेपेला मुलाने चौकशी करून एक तरुण डॉक्टर बाई शोधली. तिने खुर्चीत न बसवता मला टेबलासमोर बसवले आणि विचारले, "काका, पूर्वी कधी फार त्रास झाला होता का?" बाजाराच्या दिवसाची ती गोष्ट मी आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण सांगितली. ऐकून तिने मला एक गोष्ट समजावली. जिथे पू आणि सूज असते तिथे आम्लता वाढते, आणि सुन्न करणारे औषध नसेच्या आत नीट शिरत नाही. म्हणजे त्या दिवशी मी उगाच ओरडत नव्हतो. मला खरेच दुखत होते. पन्नास वर्षे मी स्वतःला भित्रा समजत आलो होतो. त्या एका वाक्याने माझ्या डोळ्यांत पाणी आले.

भीतीमुळे आपण उशीर करतो, उशिरामुळे पू होतो, पू झाला की सुई नीट लागू पडत नाही, दुखते, आणि भीती दुप्पट होते. हे चक्र मी स्वतः भोगले आहे.

मग तिने एक कागद पुढे केला. त्यावर पाच प्रश्न होते: उद्या दातांच्या डॉक्टरांकडे जायचे असेल तर कसे वाटेल, बाहेर थांबलेले असताना कसे वाटेल, दात कोरताना, दात साफ करताना, हिरडीत सुई देताना. प्रत्येकाला एक ते पाच गुण. कमीत कमी ५, जास्तीत जास्त २५. १९ किंवा त्याच्यावर गेले तर भीती फार मोठी आहे असे धरतात. माझे २२ आले. हा कागद भरायला मला तीन मिनिटेसुद्धा लागली नाहीत. चार वर्षांपूर्वीच्या दवाखान्यात कुणी तो पुढे केला असता तर मी तीन दिवस सलाइनवर पडलो नसतो.

त्यानंतर तिने मला भुलेचे प्रकार सांगितले. मला वाटत होते की एक तर सुई, नाही तर पूर्ण बेशुद्धी. मधले मार्ग असतात याचा मला पत्ताच नव्हता, आणि माझ्या ओळखीतल्या बहुतेकांना तो आजही नाही.

सगळ्यात सौम्य म्हणजे नाकावर मास्क लावून द्यायचा गॅस, नायट्रस ऑक्साइड. तो प्राणवायूत मिसळून देतात. हवेत प्राणवायू २१ टक्के असतो, आणि हे मशीन ३० टक्क्यांच्या खाली प्राणवायू जाऊच देत नाही. हे ऐकूनच माझी अर्धी भीती गेली, कारण माझा जीव नेहमी गुदमरण्यात अडकलेला. दुसरा मार्ग गोळीचा, ती साधारण तासभर आधी घ्यायची. ती घेतली की सोबत माणूस हवाच, आणि चोवीस तास गाडी चालवायची नाही. ड्रायव्हर लोकांनी आणि रोज स्कूटर घेऊन कामाला जाणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवावे. गोळी तासाभरात उतरली असे वाटते, पण हात आणि डोळे सुस्तच असतात. तिसरा प्रकार शिरेतून औषध देण्याचा. माणूस अर्धवट झोपेत असतो, हाक मारली की उत्तर देतो, पण नंतर त्याला फारसे आठवत नाही. त्यासाठी बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा, जवळ प्राणवायू, आणि दात काढणाऱ्याखेरीज रुग्णावर लक्ष ठेवणारा वेगळा जाणकार माणूस लागतो. अशी भूल घेणार असाल तर एक प्रश्न अवश्य विचारा: माझ्यावर नजर कोण ठेवणार? पूर्ण भूल म्हणजे इस्पितळातले काम, भूलतज्ज्ञासमोर, आदल्या तपासण्या करून आणि उपाशीपोटी. माझ्या बहिणीचा मुलगा चोवीस वर्षांचा आहे. त्याला स्वमग्नता आहे, तोंडाजवळ हात नेऊ देत नाही. त्याच्या दोन दाढा काढणे आणि सहा दात भरणे एकाच दिवशी पूर्ण भुलेत झाले. त्याच्यासाठी दुसरा उपायच नव्हता.

मी गॅस घेतला. तो दिवस नीट सांगतो, कारण वाचणाऱ्यांत माझ्यासारखा कुणी असेल.

आधी बीपी पाहिला, १६८ आला. तिने अर्धा तास बसू दिले, पाणी दिले, पुन्हा पाहिला, १४६. सर्दी आहे का विचारले, कारण नाक चोंदले असेल तर गॅस आत जात नाही. दम्यासारखा किंवा फुफ्फुसाचा जुना आजार, नुकतेच झालेले डोळ्याचे किंवा कानाचे ऑपरेशन, बी-१२ ची कमतरता, हेही विचारले. गरोदर बाईला पहिल्या तीन महिन्यांत हा गॅस देत नाहीत. मग एक ठरवले: मी डावा हात वर केला की ती थांबणार, कारण विचारणार नाही. मी दोनदा हात वर केला आणि दोन्ही वेळा ती लगेच थांबली.

मास्क लावल्यावर आधी नुसता प्राणवायू आला. मग किंचित गोडसर वास. दोन-तीन मिनिटांत बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या, पाय जड आणि उबदार झाले, खांदे खाली आले. पंख्याचा आवाज लांबून आल्यासारखा वाटू लागला. मी पूर्ण जागा होतो, ती विचारेल त्याला मान हलवत होतो. गॅसने दाढ सुन्न होत नाही, सुई द्यावीच लागते. आधी हिरडीला जेल लावले, मग सुई इतकी हळू दिली की मला फक्त दाब कळला. दाढ निघताना कट्ट असा आवाज आला तो मी ऐकला. पन्नास वर्षांपूर्वी त्याच आवाजासोबत माझी किंकाळी होती. या वेळी मी गप्प पडून छताकडे पाहत होतो. शेवटी पाच मिनिटे पुन्हा नुसता प्राणवायू दिला आणि डोके लख्ख झाले. तरी घरी येताना गाडी मुलानेच चालवली. दुपारी गार पेज प्यायलो आणि झोपलो.

गॅसचे वेगळे २,००० रुपये घेतले. ते मला परवडले, खाणीवर रोजंदारी केलेल्या माझ्या शेजाऱ्याला परवडणार नाहीत.

या गॅसचा इतिहास मुलाने मला वाचून दाखवला. १८४४ साली अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावात होरेस वेल्स नावाच्या दंतवैद्याने एका खेळात पाहिले की हा गॅस घेतलेल्या माणसाच्या पायाला जखम झाली तरी त्याला कळले नाही. दुसऱ्याच दिवशी त्याने तो गॅस घेऊन स्वतःची दाढ काढून घेतली. १८४६ साली बॉस्टनला ईथरची भूल सगळ्यांसमोर देऊन दाखवणारा मॉर्टन, तोही दंतवैद्यच. साऱ्या शस्त्रक्रियांना भूल मिळाली ती दात दुखणाऱ्या माणसांची कळ पाहवली नाही म्हणून. मग आज दातांच्याच दवाखान्यात घाबरलेल्या माणसाला हसून का घालवावे?

गोव्यातल्या दंतवैद्यांना माझी हात जोडून विनंती आहे. पाच प्रश्नांचा तो कागद मराठीत आणि कोंकणीत छापून नव्या रुग्णाच्या फॉर्मसोबत ठेवा. गॅस, गोळी, शिरेतली भूल यांतले तुमच्याकडे काय मिळते आणि किती पैसे पडतात, याचा फलक बाहेर लावा. नसेल तर कुठे मिळेल ते सांगा. शासनालाही विनंती आहे. बांबोळीच्या दंत महाविद्यालयापर्यंत दोन बस बदलून जाणे केरीच्या किंवा वाळपईच्या म्हाताऱ्या माणसाला सोपे नसते. गॅसचे मशीन आणि ते चालवायला शिकलेला डॉक्टर तालुक्याच्या ठिकाणी, निदान आठवड्यातून एक दिवस, उपलब्ध करून द्यावा, आणि गरिबाकडून त्याचे पैसे घेऊ नयेत.

आणि माझ्यासारख्या पुरुषांनो, भीती वाटते हे फोनवर वेळ घेतानाच सांगा. डॉक्टर हसले तर दुसरा डॉक्टर शोधा, माझ्यासारखी चार वर्षे घालवू नका.

येत्या गुरुवारी माझ्या वरच्या दाढेचे रूट कॅनल आहे. मी चुलतभावालाही सोबत नेतो आहे. गेली सहा वर्षे तो एका बाजूने जेवतो. काल रात्री अंगणात बसून त्याच्याकडून तो कागद भरून घेतला. त्याचे २१ आले.

आपला,
एक निवृत्त कदंब ड्रायव्हर
साखळी, गोवा