ट्रेमधील खरवड वाचविणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,
सादर नमस्कार.

घरी येऊन आभार मानू लागलो की आपण "त्यात मी काय मोठे केले" असे म्हणून विषय चहाकडे वळविता, हे वर्षभरात तीनदा अनुभवल्यामुळे आज चारचौघांसमोर हे पत्र लिहीत आहे. येथे आपल्याला मला थांबविता येणार नाही.

गेल्या नाताळात माझी धाकटी बहीण दोन वर्षांनी इंग्लंडहून शिकून नागपूरला परतली होती. सावजी रस्सा तिने पहिल्याच आठवड्यात मनसोक्त खाल्ला. नाताळच्या संध्याकाळी मात्र तिला अख्खी भाजलेली कोंबडी आणि सोबत तिच्याच रसाची तपकिरी ग्रेव्ही हवी होती. आमच्या घरी ग्रेव्ही म्हणजे कांदा-टोमॅटोचे वाटण, त्यामुळे ती वेगळी करायची असते हेच मला ठाऊक नव्हते. सकाळी जिन्यात भेटल्यावर आपण सहज म्हणालात की कोंबडी कातडीसकट मागून घे, चरबी तिच्याखालीच असते. आपल्याकडचे दुकानदार न विचारताच कातडी ओढून काढतात, आणि सदर बाजारातल्या आमच्या दुकानदाराचा हात मी अगदी शेवटच्या क्षणी थांबविला. मान आणि पोटाही मागून घेतला, तोही आपल्याच सांगण्यावरून.

दीड किलोची ती कोंबडी सव्वा तासात चांगली भाजून निघाली. ती ताटात काढून मी तेलकट ट्रे नळाखाली धरणार, तोच आपण करंज्या आणि केकची ताटली घेऊन दारात उभ्या राहिलात. आपण इतक्या मोठ्याने "अरे, थांब!" म्हणालात की ट्रे माझ्या हातून निसटता निसटता राहिला. ट्रेच्या बुडाला चिकटलेले ते तपकिरी थर आपण बोटाने दाखविलेत आणि विचारलेत, "पिठल्याची खरवड तू टाकून देतोस का?" त्या एका प्रश्नात मला सारे कळले. मांसाच्या रसातील प्रथिने आणि साखर उष्णतेने एकत्र येऊन जी खमंग चव तयार होते, ती या खरवडीत साठलेली असते. फ्रेंच शास्त्रज्ञ मायार यांनी 1912 साली या क्रियेचे वर्णन केले, हे मी नंतर वाचले. पण पिठल्याचा दाखला त्याहून लवकर डोक्यात शिरला होता. खरवड काळी पडली असेल तर मात्र ती कडू लागते आणि सगळी ग्रेव्ही बिघडविते, म्हणून आधी चाखून पाहावी, आणि भाजताना ट्रे कोरडा पडू लागल्यास त्यात अर्धी वाटी पाणी घालावे, हेही आपण त्याच वेळी सांगितलेत.

मग आपण ट्रेमधला रस उंच पेल्यात ओतून ठेवलात. थोड्या वेळात चरबी वर आली आणि रस खाली राहिला. वर आलेला तो थर पाहून मला तर्री आठवली आणि तो तसाच राहू द्यावा असे मी सुचविलेही, कारण नागपुरात वाढलेल्या माणसाला तर्रीशिवायचा रस्सा अपुराच वाटतो. आपण हसलात. तर्री मिरवायची असते, ही चरबी मात्र पिठात मुरवायची असते, हे आपले उत्तर माझ्या पक्के लक्षात आहे. दोन मोठे चमचे चरबीत दोन मोठे चमचे मैदा घालून आपण तो मंद आचेवर, शिऱ्यासाठी रवा तुपात भाजावा तसा, बदामी होईपर्यंत परतलात. पिठाच्या कणाकणाला चरबी लागली की कण एकमेकांना चिकटत नाहीत. त्यानंतर पेल्यातला रस, आणि मान-पोटा उकळून केलेल्या पाण्याने ट्रेची खरवड खरवडून काढलेला तो अर्क, असे सव्वा वाटीभर द्रव आपण थोडे थोडे ओतत आणि एकसारखे ढवळत गेलात.

इथे माझा उतावळेपणा नडला. ग्रेव्ही पातळ वाटली म्हणून आपली पाठ वळताच मी दोन चमचे कोरडा मैदा थेट उकळीत टाकला आणि पाहता पाहता गुठळ्या झाल्या. आपण रागावला नाहीत. कोरडे पीठ गरम पाण्यात पडले की वरचा थर लगेच शिजून आतले पीठ कोंडले जाते, म्हणून पिठल्याचे बेसनही आपण आधी गार पाण्यातच कालवितो, एवढेच शांतपणे सांगून आपण चहाची गाळणी मागितलीत आणि पळीने दाबत सारी ग्रेव्ही गाळून घेतलीत. मीठ शेवटी घातलेत, कारण आटताना खारटपणा वाढतो. त्या रात्री माझ्या बहिणीने भातावरसुद्धा तीच ओतून घेतली, हे पाहून आपल्याला जरा धक्का बसला होता असे वाटते.

काकू, मला कृती कोणीही सांगितली असती. आपण मात्र माझ्याच स्वयंपाकघरातली खरवड, शिरा आणि पिठले माझ्यासमोर ठेवून, मला जे आधीपासून येत होते त्यातूनच हे नवे शिकविलेत, आणि तेही स्वतःच्या घरी सणाचे पाहुणे वाट पाहत असताना. त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे.

यंदा मी एकट्याने केलेल्या ग्रेव्हीचा डबा बहिणीच्या हाती या पत्रासोबत पाठवीत आहे. गार झाल्यावर ती घट्ट झाली असेल, तेव्हा गरम करताना दोन चमचे पाणी घालावे. आपण केवळ मिरपूड घालता. मी चिमूटभर सावजी मसालाही घातला आहे, तेवढे पोटात घालावे.

आपला नम्र,
खालच्या मजल्यावरचा शेजारी
नागपूर