पॅकेज झालं, पण तपासणी राहिली

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

हल्ली पेपर उघडला की लॅबची जाहिरात असतेच, ऐंशी टेस्ट, नव्वद टेस्ट, घरी येऊन सॅम्पल नेणार, आईवडिलांना गिफ्ट द्यायचं असेल तर वर डिस्काउंट. मी बार्शीत बरीच वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते, आता रिटायर आहे, त्यामुळे लॅबला नावं ठेवायला हे पत्र लिहित नाहीये, माझं घर त्यावरच चाललं. पण लोकांचा एक समज फार पक्का होत चाललाय की एकदा दंडातून रक्त दिलं की वर्षाची तपासणी झाली. तसं नसतं हो. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला ज्या तपासण्या खरंच वेळच्या वेळी लागतात त्यातल्या बऱ्याचशा रक्तातून होतच नाहीत, त्याला कोणीतरी समोर बसवून बघावं लागतं.

आधी पॅकेजचंच सांगते. रिपोर्टवर जी नॉर्मल रेंज छापलेली असते ती साधारणपणे निरोगी लोकांपैकी 95 टक्के ज्यात बसतात त्यावरून ठरवतात, म्हणजे ठणठणीत माणसाचीही कुठलीही एक टेस्ट शंभरात पाच वेळा रेंजबाहेर जाणारच. आता ढोबळ हिशेब करा, वीस टेस्ट केल्या तर एखादी तरी बाहेर जायची शक्यता साठ टक्क्यांच्या वर जाते आणि ऐंशी केल्या तर जवळजवळ नक्कीच. तो आकडा ठळक अक्षरात छापून येतो, माणूस रात्रभर मोबाईलवर शोधत बसतो, मग स्पेशालिस्ट, मग सोनोग्राफी, आणि निघत काही नाही. बायकांच्या पॅकेजात तर सीए 125 टाकून देतात कॅन्सरची टेस्ट म्हणून, ती पाळीच्या दिवसांत वाढते, गर्भाशयात साध्या गाठी असल्या तरी वाढते, काही तक्रार नसलेल्या बाईने ती करू नये असंच जाणकार डॉक्टर सांगतात. तीन महिन्यांची सरासरी साखर म्हणजे एचबीए1सी चांगली टेस्ट आहे, 6.5 किंवा वर गेली की डायबेटिस धरतात, पण अंगात लोह कमी असेल तर ती खोटीच जास्त दिसू शकते, आणि आपल्याकडच्या बायकांत रक्त कमी असणं किती कॉमन आहे हे मी वेगळं सांगायला नको. हे सगळं रिपोर्ट हातात देणारा मुलगा सांगत नाही, त्याचं ते कामही नाही.

आणि त्या ऐंशी टेस्टच्या यादीत बीपी शोधा. नसतं. ते मोजायला पैसे लागत नाहीत म्हणून असेल. 140/90 च्या वर वारंवार यायला लागलं तर बीपी आहे असं धरतात, आणि वारंवार हा शब्द महत्त्वाचा, जिना चढून धापा टाकत आल्याआल्या पट्टा बांधला तर कोणाचंही वाढलेलंच येणार. पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, अर्धा तास आधी चहा तंबाखू नाही, हात छातीच्या उंचीवर टेकलेला, बाही वर केलेली. डॉक्टरकडे गर्दी असली की हे कोणी करत नाही, आपणच म्हणायचं की जरा बसू द्या. ज्यांना गोळी चालू आहे ते तर दोन महिने नॉर्मल आलं की गोळीच बंद करतात, अहो गोळीमुळेच नॉर्मल आलं ना ते.

आता खरं ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. सरकारने 30 वर्षांच्या वरच्या सगळ्यांसाठी तपासण्यांची यादी ठरवलेली आहे, बीपी आणि साखर दरवर्षी, कॅन्सरसाठी तोंड बघणं पाच वर्षांतून एकदा, आणि बायकांचं स्तन आणि गर्भाशयाचं तोंड तेही पाच वर्षांतून एकदा. आरोग्य केंद्रात हे फुकट आहे, आशाताई घरी येऊन जो फॉर्म भरून नेतात तो याच्यासाठीच असतो. फॉर्म भरला जातो. पुढे तपासायला किती जणी जातात ते 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलंय, देशात 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या दोन टक्केसुद्धा नाहीत, आणि स्तन आणि तोंडाच्या तपासणीत तर एक टक्कासुद्धा नाही.

मला याचं जास्त वाईट वाटतं कारण गर्भाशयाच्या तोंडाच्या तपासणीची गोष्ट जगाला शिकवली आपल्याच भागाने. शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आताचं धाराशिव, 1999 पासून गावागावातल्या 30 ते 59 वयाच्या एक लाख तीस हजारांच्या वर बायकांचा अभ्यास झाला, टाटा मेमोरियल आणि आमच्या बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल त्यात होतं, आणि 2009 मध्ये तो अमेरिकेतल्या सगळ्यात नावाजलेल्या मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. निघालं काय, तर गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्ही व्हायरसची टेस्ट फक्त एकदा, आयुष्यात एकदा, केलेल्या गटात या कॅन्सरने जाणाऱ्या बायकांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटावाल्यांनीच दुसरा अभ्यास केला, तिथे दहावी झालेल्या वस्तीतल्या बायकांना ट्रेनिंग देऊन गर्भाशयाच्या तोंडाला नुसतं व्हिनेगरसारखं सौम्य ॲसिड लावून बघायला शिकवलं, मिनिटभरात पांढरा डाग उठला तर पुढे पाठवायचं, लॅब नाही मशीन नाही, आणि दर दोन वर्षांनी असं बघितल्यावर मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. (त्या अभ्यासांत ज्या गटाची तपासणी केली नाही त्या बायकांवरून नंतर बराच वाद झाला, तो व्हायलाही पाहिजे होता, पण तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.) आता जागतिक आरोग्य संघटना सांगते की बाईची एचपीव्ही टेस्ट पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत परत एकदा तरी व्हावी. दोनदा फक्त. आपल्याकडे बायका वर्षाला दोनदा ब्लाऊजचं माप द्यायला जातात, हे दोनदा होत नाही.

का होत नाही तेही लॅबमध्ये बसून ऐकलंय. पोटात दुखत नाही तर कशाला दाखवायचं, तिथे पुरुष डॉक्टर असला तर, काही निघालं तर घरात कसं सांगायचं, आणि रोज बुडतो. शेवटचं कारण सगळ्यात खरं. सोलापुरात बिडी वळणारी बाई किंवा इकडे तुरीच्या रानात जाणारी बाई सकाळी नऊ ते बारा ओपीडीत थांबली की त्या दिवसाची मजुरी गेली. तिला जागरूक नाही म्हणायचं हे मला पटत नाही.

तोंडाचं तर दोन मिनिटांचं काम असतं. मिसरी लावणाऱ्या, सुपारी मावा खाणाऱ्या माणसाने आरशासमोर उभं राहून बोटांनी गाल ओढून बघावं, पांढरा लाल चट्टा आहे का, पंधरा दिवस न भरलेली जखम आहे का, स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का. नाही गेली तर सरळ दातांच्या डॉक्टरकडे. दातांच्या डॉक्टरकडे तसंही सहा महिने वर्षाने जाऊन दात साफ करून घ्यावेत, साफ केले की दात हलतात हे खोटं आहे, दात हिरडीच्या रोगाने आधीच हललेले असतात आणि किटणाने धरून ठेवलेले असतात इतकंच.

डोळ्यांचं थोडक्यात सांगते. चाळिशी लागली की रस्त्यावरून शंभर रुपयांचा चष्मा आणतात आणि वाचता आलं की विषय संपला. पण काचबिंदू चष्म्याच्या नंबरात दिसत नाही, दुखत नाही, कडेची नजर खात जातो आणि गेलेली नजर परत येत नाही, त्यासाठी डोळ्याचा प्रेशर आणि आतली नस बघावी लागते. साखर असेल तर दरवर्षी थेंब टाकून पडदा तपासायचाच, दिसत चांगलं असलं तरी, आणि त्या दिवशी गाडी स्वतः चालवत येऊ नका. धनुर्वाताचं इंजेक्शनही गंजलेलं काही लागल्यावरच आठवतं, मोठ्यांनी दहा वर्षांनी एक बूस्टर घ्यावा असं सांगतात.

कर वाचवणाऱ्यांसाठी एक, जुन्या पद्धतीने इन्कम टॅक्स भरत असाल तर मेडिक्लेमच्या वजावटीत (1961 च्या कायद्यातलं कलम 80डी) अशा तपासणीचे 5000 रुपयांपर्यंत धरता येतात, मेडिक्लेमची जी मर्यादा आहे त्याच्या आतच, आणि हे पैसे रोख दिले तरी चालतात. पावती मात्र जपून ठेवा. आणि ते नवऱ्याच्याच नावाचं नको, बायकोचंही धरता येतं, कंपनीचं फुकट चेकअप बऱ्याचदा फक्त नोकरी करणाऱ्याचं असतं आणि घरातली दुसरी व्यक्ती तशीच राहते.

लॅबच्या ड्रॉवरमध्ये न नेलेले रिपोर्ट नेहमी असायचे, पैसे भरलेले, रिपोर्ट तयार, न्यायलाच कोणी नाही. काहींवर लाल शाईने खूण केलेली असायची. आता रिपोर्ट व्हॉट्सॲपवर जातो तेवढाच फरक, पीडीएफ उघडली का, उघडून कोणाला दाखवली का, कोण विचारतंय.

म्हणून तुम्हाला एक मागणी आहे, सरकारलाही आहे पण तुम्ही लवकर करू शकाल. जिल्हा पानावर महिन्यातून एकदा एक चौकट द्या, कुठल्या आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात ही तपासणी कुठल्या वारी आहे, किती वाजता, बघणारी बाई आहे का. आणि आरोग्य खात्याने आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारनंतर दोन तास ठेवले तर गावाकडच्या बायका बाजाराला येतातच, वेगळा रोज बुडणार नाही. चौकटीत उद्घाटनाचे फोटो नका टाकू. खोली नंबर टाका, बायकांना तो तिथे पोचल्यावर चारचौघांत विचारायला लाज वाटते.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, बार्शी