मोबाइल, तांबट आणि तांबट आळी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुलांच्या हातातला मोबाइल काढून घ्या, असं बजावणारी दोन पत्रं लागोपाठ आपल्या अंकात वाचली. पटली. पण मी रिक्षा चालवतो. सकाळी सातपासून मोबाइल हँडलपाशी अडकवलेला असतो. भाडं त्यावर येतं, पैसे त्यावर येतात. आणि घरी जाऊन लेकीला सांगायचं की मोबाइल वाईट! ती सहावीत आहे, तिला डोळे आहेत.

माझी चूक आधी सांगून टाकतो. धाकटा अडीच वर्षांचा. त्याला वरणभात भरवायची पाळी माझ्यावर आली की मी व्हिडिओ लावून द्यायचो. तोंड उघडं, घास आत, काम झालं. लसीला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, जेवताना मोबाइल देता का? मी चक्क नाही म्हणालो. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि सांगितलं, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ सालीच सांगून ठेवलंय, वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर एक तास, त्याहून कमी असेल तर बरंच. धाकट्याचे व्हिडिओ आता बंद आहेत. पहिले चार दिवस ते अख्ख्या चाळीला कळलं.

मला लिहायचंय ते थोरलीबद्दल. आम्ही धनकवडीत राहतो, तळजाई टेकडी हाकेच्या अंतरावर. गळ्यात दुर्बीण घातलेल्या एका गृहस्थांना मी टेकडीवर सोडलं होतं. त्यांनी उतरता उतरता मर्लिन नावाचं अॅप दाखवलं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने केलेलं आहे आणि फुकट आहे. पक्षी ओरडत असताना फोन धरायचा, आवाजाच्या रेघा पडद्यावर सरकतात आणि खाली नाव उमटतं. आपल्याकडच्या पक्ष्यांची माहिती एकदा उतरवून घेतली की इंटरनेट लागत नाही. मला सगळ्यात जास्त हेच आवडलं. रविवारी सकाळी टेकडी चढताना मी डेटा बंद करतो. मेसेज नाहीत, रील नाहीत, भाडंही नाही.

पहिल्या रविवारी बुलबुल, दयाळ, शिंपी एवढे सापडले. मग एका झाडातून टुक, टुक, टुक असा एकसारखा ठोका ऐकू आला. फोनवर नाव आलं, कॉपरस्मिथ बार्बेट. आम्हा दोघांना अर्थ लागेना. रात्री गावी आईला व्हिडिओ कॉल केला आणि पोरीने तो आवाज ऐकवला. आईने चष्माही शोधला नाही. "तांबट हाय त्यो. एवढं ठावं न्हाय व्हय तुम्हाला?" दोन ठोक्यांत! अॅपला जास्त वेळ लागला होता.

ऐकू आला तरी दिसायला चार रविवार गेले. हा पक्षी चोच मिटूनच ओरडतो, गळा फुगवतो आणि मान इकडेतिकडे वळवतो, त्यामुळे आवाज नक्की कुठून येतोय कळतच नाही. शेवटी एका उंबरावर लेकीलाच दिसला. चिमणीएवढा, हिरवा, कपाळावर लाल टिळा. तिने फोन माझ्या हातात कोंबला आणि नुसती बघत राहिली. फोटो काढायचं दोघांनाही सुचलं नाही.

मग तिने विचारलं, "पप्पा, याला तांबट का म्हणतात?" हे मात्र मला माहीत होतं. रिक्षा काढली आणि तिला कसब्यात तांबट आळीत नेलं, तांब्याची भांडी ठोकून घडवणाऱ्या तांबटांकडे. एका दुकानात मठारकाम चालू होतं, पातेल्यावर एकेक ठोका शेजारी शेजारी बसत होता. ठोक्याचा खड्डा म्हणजे नखाएवढी चांदणीच. कारागीर काकांनी रेकॉर्ड करू दिलं. लेकीने स्टॉपवॉच लावून मोजलं. तांबट पक्ष्याचे मिनिटाला ११२ ठोके, काकांचे ८६. काका म्हणाले, "तो काय, त्याला पातेलं विकायचं नाही." नंतर तिने हातोडीचा आवाजही अॅपला ऐकवून पाहिला. अॅप गप्प. त्याला तांबट आळी माहीत नाही, याचा तिला फार आनंद झाला.

दुसरा उद्योग माझ्या धंद्याचा. मोबाइलवरच्या तक्त्यात ती माझा हिशोब लिहिते. १ सप्टेंबर २०२२ पासून पुण्यात लागू झालेला दर तिला दिला, पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७. तिच्या पहिल्या सूत्राने सहा किलोमीटरचे १२७ रुपये काढले. म्हटलं, एवढे मागितले तर गिऱ्हाईक मला मीटरसकट पोलिसांकडे नेईल. मग तिने दीड वजा केलं, साडेचार गुणिले १७, अधिक २५, म्हणजे १०१ रुपये ५० पैसे. तिचे दशांश अपूर्णांक पक्के झाले. माझं मात्र पितळ उघडं पडलं. रिकामी गाडी किती फिरली हेही ती लिहिते, आणि दुपारी स्टेशनकडे मी नुसता गॅस जाळत होतो.

दर रविवारी असंच घडतं असं नाही. कधी मी उठत नाही, कधी तिला यायचं नसतं. तिला मोबाइल देऊन मी घोरत पडलोय, असेही रविवार झालेत. त्या दिवशी ती दोन तास रीलच बघते, आणि त्याबद्दल तिला ओरडायला मला तोंड नसतं.

मध्यंतरी एका शिकवणीवाल्यांचा माणूस घरी आला होता. टॅब आणि वर्षभराचा अभ्यास, हप्त्याने. शेवटी म्हणाला, "यात सगळं आहे, पालकांना काहीच करावं लागत नाही." मी त्याला चहा पाजला आणि परत पाठवला.

आपल्याकडे एक मागणं आहे. आमच्या फोनवर नावं इंग्रजीत येतात, आणि मराठी नाव सांगणारी आजी प्रत्येकाच्या घरी नसते. तळजाई, वेताळ टेकडी, पाषाण तलाव इथे कुठल्या महिन्यात कोण पक्षी ऐकू येतो, हे मराठी नावासकट रविवारच्या पुरवणीत छापाल का? पावसाळ्याच्या तोंडाला छापायला घेतलंत तर पहिला पावशा घ्या. तो 'पेरते व्हा' म्हणतो, असं आई सांगते. अॅपमध्ये ते लिहिलेलं नाही.

आपला,
एक रिक्षाचालक, धनकवडी, पुणे
(नाव छापू नये. स्टँडवर आधीच मला 'तांबट' म्हणायला लागलेत.)