रविवारच्या बैठकीबाबत

सर्व सभासदांस,

येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता, म्हापशाला नेहमीच्याच माडीवर. विषय अर्धवट राहिलेलाच: बाँडपटांना नवा संगीतकार आला की काय बिघडतं, काय सुधारतं. गेल्या खेपेला आवाज इतका चढला की खालचा पोदेर (पाववाला) जिन्यात येऊन डोकावून गेला. यंदा तसं नको.

सुरुवात १९९५च्या 'गोल्डनआय'पासून करू. एरिक सेरा यांचं ते थंड, पत्र्यावर ठोकल्यासारखं संगीत अनेकांना मानवलं नाही. सेंट पीटर्सबर्गमधल्या रणगाड्याच्या पाठलागासाठी तर शेवटी जॉन ऑल्टमन यांचं संगीत वापरलं गेलं. सेरा यांचा मूळ तुकडा अल्बमवर आहे. दोन्ही पाठोपाठ लावू, मग भांडा. (मला स्वतःला सेरा आवडतात. दगड मारायचे तर चहा झाल्यावर मारा.)

'जॉन बॅरींनंतर सगळं संपलं' हे वाक्य एकानेच, एकदाच म्हणावं. बॅरींनी ११ बाँडपटांना संगीत दिलं, हे सर्वांना पाठ आहे. १९६२ची बाँडची ती प्रसिद्ध धून मात्र माँटी नॉर्मन यांच्या नावावर आहे; बॅरींनी तिची वाद्यरचना केली. शंकर-जयकिशन यांच्यामागे राहून त्यांच्या गाण्यांची वाद्यरचना सेबॅस्टियन डिसोझा करत होते, हे ठाऊक असलेल्या गोंयकारांना यातली मेख वेगळी सांगायला नको.

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून 'बेसच नाही' म्हणणाऱ्यांचं मत धरणार नाही.

चहा आणि पातळभाजी-पाव आहे. जिन्यातला दिवा गेलाय, टॉर्च आणा.