स्वस्त एसयूव्ही घेण्यापूर्वी

संपादक महोदय,
अमेरिकेत ‘सॅल्व्हेज टायटल’ची (मोठ्या नुकसानीमुळे बाद ठरवल्याची कागदोपत्री नोंद असलेली) एसयूव्ही घेताना आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. आतल्या पट्ट्यावर चिखलाची रेघ दिसली, तर गाडी पुरात बुडालेली समजून सोडूनच द्यावी. वायरिंगच्या जोडांतला गंज पुढे कित्येक महिने नवेनवे बिघाड काढत राहतो. समोरून धडकलेली गाडी परवडू शकते, पण चॅसीची (गाडीच्या सांगाड्याची) मापे मूळ मापांशी जुळत असतील तरच. एअरबॅग फुटल्या असतील तर बहुधा बेल्टचे प्रीटेन्शनरही (धडकेत पट्टा घट्ट ओढणारे भाग) उडालेले असतात, एसआरएस मॉड्यूलचा (एअरबॅग चालवणाऱ्या नियंत्रकाचा) खर्च निराळा. एअरबॅगच्या बिघाडाचा दिवा विझवायला नव्या एअरबॅगऐवजी नुसता रेझिस्टर (एअरबॅग जागेवर असल्याचा भास देणारा विजेचा रोध) बसवणे म्हणजे घरच्यांच्या जिवाशी खेळ! वापरलेल्या भागांच्या पावतीवर ते ज्या गाडीतून काढले तिचा व्हीआयएन (ओळख क्रमांक) लिहून घ्यावा, ‘रीबिल्ट’ (दुरुस्त गाडी पुन्हा रस्त्यावर आणण्याच्या) तपासणीत तो अनेक राज्यांत मागतात. विम्याचे मात्र खरेदीआधीच विचारावे. काही कंपन्या अशा गाडीला फक्त लायबिलिटीच (दुसऱ्याच्या नुकसानीपुरता विमा) देतात.

— एक वाचक