पासवर्ड बदलून भागत नाही : माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
कर्नाटक सरकार, बेंगळुरू

माननीय मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

बेळगावच्या उद्यमबागेत आणि मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत मी गेली अठरा वर्षे छोट्या कारखान्यांचे संगणक सांभाळतो. इथल्या फौंड्री आणि मशीन शॉपची ड्रॉइंग, कोटेशन, बिले, सगळे ई-मेलवर चालते. त्या ई-मेलचा पासवर्ड उघड्यावर पडतो आहे, म्हणून हे पत्र.

गेल्या पावसाळ्यात एका मशीन शॉपच्या मालकांचा फोन आला. पुण्याच्या गिऱ्हाइकाने तीन लाख चाळीस हजारांचे बिल चुकते केले, पण पैसे यांच्या खात्यात आलेच नाहीत. ‘आमची बँक बदलली आहे’ अशी मेल यांच्याच पत्त्यावरून, यांच्याच लेटरहेडसह गेली होती. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावेपर्यंत तीन दिवस उलटले होते, पैसे पुढे सरकले होते. सगळ्यांनी एकच सल्ला दिला, पासवर्ड बदला. त्यांनी दोनदा बदलला. दोन्ही वेळा आठवडाभरात कोणीतरी पुन्हा आत शिरले.

मी त्यांच्या खात्याची सेटिंग उघडली. पॉप थ्री, म्हणजे सर्व्हरवरून मेल उतरवून घेण्याची जुनी पद्धत, पोर्ट ११०, म्हणजे तिचे उघडे दार, आणि एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर कुलूपबंद करून पाठवणे, काहीच नाही. खाते पहिल्यांदा जोडले तेव्हापासून कोणी त्याला हात लावला नव्हता. प्रोग्रॅम दर दहा मिनिटांनी नवी मेल आली का पाहतो आणि प्रत्येक वेळी पासवर्ड जसाच्या तसा तारेवरून पाठवतो. दहा तासांच्या कामात साठ वेळा. नवा पासवर्ड घातला की दहा मिनिटांत तोही त्याच वाटेने जाणार. राउटर जुना, त्याचा मूळ पासवर्डही तसाच. मालक फिरतीवर असले की लॉजच्या वायफायवरून मेल बघायचे. पाणी नेमके कुठे मुरले हे मी शपथेवर सांगू शकत नाही, पण मुरायला जागा होती.

काही प्रोग्रॅम पासवर्ड बेस-६४ या रूपात पाठवतात. ती अक्षरे अगम्य दिसतात, म्हणून लोकांना वाटते की कुलूप लागले. आपल्या घरातल्या जुन्या मोडी कागदांसारखे आहे ते. मोडी येत नाही त्याला गूढ, येते त्याला सरळ वाचता येते. दुसरी फसवी सोय म्हणजे ‘उपलब्ध असेल तर एन्क्रिप्शन वापरा’ ही सेटिंग. आपला संगणक आणि मेलचा सर्व्हर यांच्या मध्ये चोरून बसलेल्या माणसाने सर्व्हरच्या उत्तरातली एन्क्रिप्शनची ओळ गाळली, की असा प्रोग्रॅम निमूटपणे उघड्यावर येतो आणि वापरणाऱ्याला एक शब्दही सांगत नाही. याला मी सॉफ्टवेअरचा दोषच म्हणतो. वापरणाऱ्याच्या माथी तो मारू नये.

उपाय माहीत नाही असेही नाही. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफने जानेवारी २०१८ मध्ये आरएफसी ८३१४ काढून सांगितले की मेलचा उघडा लॉगिन बंद करा, पॉपसाठी ९९५ आणि आयमॅप या मेल वाचण्याच्या दुसऱ्या पद्धतीसाठी ९९३ हे एन्क्रिप्टेड पोर्ट वापरा. तरीही २०२५ च्या सुरुवातीला इंटरनेटवरचे असुरक्षित सर्व्हर शोधणाऱ्या शॅडोसर्व्हर फाउंडेशन या संस्थेला जगभरात एन्क्रिप्शन नसलेले सुमारे ३३ लाख पॉप थ्री सर्व्हर आढळले. मोठ्या कंपन्यांनी आपापली दारे लावून घेतली. उरले ते स्वस्तातले होस्टिंग, म्हणजे भाड्याने मिळणारी मेल-वेबसाइटची जागा, आणि आमचे छोटे कारखानदार नेमके तेच घेतात.

अपडेटचीही तीच गत. आउटलुक या मेलच्या प्रोग्रॅममधला एक दोष मार्च २०२३ मध्ये दुरुस्त झाला. त्यात फक्त एक स्मरणपत्र आले, मेल उघडलीसुद्धा नाही, तरी विंडोज पासवर्डचा हॅश, म्हणजे पासवर्डवरून काढलेली सांकेतिक खूण, परक्या सर्व्हरकडे जाई. दुरुस्ती फुकट होती. अपडेट बंद ठेवलेल्या संगणकावर ती पोचणार कशी?

तुमच्या हातात बरेच आहे. राज्याची कार्यालये आणि ‘ग्राम वन’, ‘कर्नाटक वन’ ही सरकारी सेवा केंद्रे जिथे कुठे मेल वापरतात, तिथला उघडा लॉगिन सर्व्हरवरच बंद करायला लावा. होस्टिंगच्या प्रत्येक निविदेत ही अट घाला. खासगी होस्टिंग कंपन्यांसाठी दिल्लीला लिहा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०-ब खाली सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेला सेवा पुरवठादारांना निर्देश देता येतात. २०२२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी सायबर घटना सहा तासांत कळवण्याचा निर्देश दिला, तसाच हाही देता येईल. सर्व्हरने ११० वर लॉगिन नाकारला की कारखानदाराला सेटिंग बदलावीच लागते. काही दिवस फोन वाजतील, ते आमच्यासारखे लोक घेतील.

आणि सूचना आम्हाला कळेल अशा भाषेत द्या. इंग्रजी सूचना आमच्या वर्कशॉपपर्यंत पोचत नाही. कन्नड परिपत्रक खानापूर, निपाणीतल्या अनेक मराठी घरांत वाचले जात नाही. भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती १५ ते २० टक्के असेल तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, असे केंद्राच्या १९५६ च्या निवेदनातच म्हटले आहे. मराठीतून परिपत्रके मागताना आम्ही आजवर उतारे आणि मतदारयाद्यांबद्दल बोललो. पासवर्डची सूचनाही त्याच हक्काची आहे. कन्नड आणि मराठीत एक पान पुरे, सेटिंग कुठे उघडायची आणि कोणता आकडा बदलायचा. मजकूर मी विनामोबदला लिहून देतो.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण बेळगावच्या सुवर्णसौध या विधानभवनात याल. तिथून उद्यमबाग लांब नाही. आपल्या खात्याचा एक अधिकारी अर्ध्या दिवसासाठी पाठवा. मालकांची परवानगी घेऊन मी त्याला त्यांच्याच टेबलाशी बसवीन आणि पासवर्ड पडद्यावर कसा वाचता येतो ते दाखवीन.

आपला विश्वासू,
एक संगणक तंत्रज्ञ,
उद्यमबाग, बेळगाव